ग्रंथपालांना नेमकं काय विचारायचं असतं?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पीएच.डी.चं पहिलं वर्ष चालू आहे. विषय भूजल. म्हणजे पाण्याचं रसायनशास्त्र वगैरे नाही. एकाच जलधरातून (जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थरातून) पाणी उपसणारी माणसं आपापसात नियम कसे ठरवतात, आणि ते नियम काही ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, काही ठिकाणी वर्षभरात बोंबलतात, ते का. परवा गाइडना पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा पहिला खर्डा दाखवला. २२ संदर्भ होते. मला तर बरे वाटत होते. सरांनी पाच मिनिटं चाळलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "तोकडं. ग्रंथपालांना भेट." पुढे काही बोलले नाहीत, फोन आला त्यांना.

आता माझी पंचाईत अशी आहे. लायब्ररीत मी रोज जाते. तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी प्लगपॉइंट असलेलं एक टेबल आहे, ते पकडायला सकाळी साडेआठला हजर असते. पण गेल्या सहा वर्षांत (बी.ए.पासून धरून) तिथल्या माणसांशी माझं संभाषण म्हणजे "हे रिन्यू करायचंय" आणि "दंड किती झाला?" एवढंच. तळमजल्यावर 'संदर्भ सेवा' अशी पाटी आहे. पाटीखाली एक मॅडम बसतात, सतत स्क्रीनकडे बघत कामात असतात. त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि म्हणायचं काय? "माझ्या विषयावर काय काय आहे?" हे सातवीतल्या मुलीने विचारल्यासारखं वाटतं. शिवाय त्या काही भूजलाच्या तज्ज्ञ नाहीत. ते २२ संदर्भ मी गूगल स्कॉलरवरूनच काढलेत, तिथे चार-पाच पानांनंतर तेच ते येतं. मग त्या वेगळं काय काढणार?

तुमच्यापैकी कुणी खरंच असं जाऊन विचारलंय का? काय विचारलंत आणि हाती काय लागलं? "जा, बोल, लाजू नको" असं सांगू नका प्लीज, ते आई सांगतेच आहे.

पाचवा_मसुदा

दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझा अनुभव आधी वाईट, मग चांगला, त्याच क्रमाने सांगतो.

एम.ए.ला होतो तेव्हा (विद्यापीठ वेगळं, नाव नको) एका जुन्या नियतकालिकाचा अंक हवा होता. काउंटरवर गेलो. पलीकडच्या गृहस्थांनी मान वर न करता "कॉम्प्युटरवर बघा" म्हटलं. कॉम्प्युटरवर 'उपलब्ध' होतं, कपाटात नव्हतं. परत गेलो. "मग कुणीतरी वाचत असेल." त्या दिवशी मी निश्चय केला की ग्रंथालयातल्या माणसांना पुन्हा काही विचारायचं नाही. तो निश्चय, सांगायला लाज वाटते, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षापर्यंत पाळला.

त्यात काय काय गमावलं ते ऐका. दोन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी आवारात येऊन लेख उतरवून घ्यायचो, कारण डेटाबेस फक्त आवारातल्या नेटवरच उघडतात अशी माझी ठाम समजूत. घरून उघडला की पैसे भरा म्हणायचा. घरून लॉगिन करायची सोय आधीपासून होती! माझ्या खात्याला ती चालू करून घ्यायला एक ईमेल पुरला. दुसरं म्हणजे, १९७० च्या दशकातल्या एका परिषदेच्या इतिवृत्तातला निबंध हवा होता. लेखकाला मेल करून थकलो, मग कळलं की ते हयात नाहीत. शेवटी हात टेकून विचारलं, तेव्हा समजलं की आपल्याकडे नसलेलं दुसऱ्या ग्रंथालयाकडून मागवता येतं. आंतरग्रंथालयीन देवघेव. फॉर्म भरला, नऊ दिवसांनी स्कॅन प्रत मेलवर. सोळा पानं, त्यातली माझ्या कामाची दीड. पण त्या दीड पानाशिवाय माझं दुसरं प्रकरण लंगडं होतं.

तेव्हा दुसरं काही सुचलं नाही तर निदान हे दोन विचारा: घरून लॉगिन कसं करायचं, आणि तुमच्याकडे नसलेलं कसं मागवायचं.

झटपट_राव

इतका विचार कशाला? एआयला विषय सांगा, मिनिटभरात ५० संदर्भ, तेही एपीए शैलीत मांडून. ग्रंथालय आता एसी, वायफाय आणि शांतता यांच्यासाठी. त्यात वाईट काही नाही, मी तिथे उत्तम झोपलेलो आहे. पण शोधाशोधीचं त्यांचं काम २००४ सालीच संपलं, गूगल स्कॉलर आलं तेव्हा.

संदर्भ_टेबल

शीर्षक वाचून लॉगिन केलं, एरवी मीही वाचनमात्र. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागात बसतो, चोवीस वर्षं झाली. आम्ही स्क्रीनकडे बघत कामात असतो हे खरं आहे. पण बऱ्याचदा समोर कुणी येत नाही म्हणून दुसरं काम काढलेलं असतं.

कोरी_वही, "माझ्या विषयावर काय काय आहे?" हा प्रश्न बावळट नाही. अर्धा आहे, इतकंच. उरलेला अर्धा काढून घेणं हेच आमचं काम. माणूस जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. एकदा एक मुलगा आला, "संख्याशास्त्राची पुस्तकं कुठे?" सरळ उत्तर होतं, बोधांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) ५१९.५, डावीकडची दुसरी रांग. मी विचारलं, कशासाठी? तर त्याने प्रश्नावली करून दोनशेएक लोकांकडून भरून घेतली होती आणि आता त्या गठ्ठ्याचं करायचं काय हे कळत नव्हतं. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच पर्यायांची सरासरी काढावी की काढू नये, यावर त्याची रात्रीची झोप उडालेली. ५१९.५ मध्ये तो सिद्धता वाचत बसला असता. त्याला पाहिजे होतं ते ३००.७२ ला, समाजशास्त्रांमधल्या संशोधनपद्धतींत, आणि खरं तर त्याच्याही आधी पाहिजे होती ती त्याच्या विभागातल्या एका बाईंची भेट. तीही घालून दिली. "कशासाठी?" हा प्रश्न आम्ही विचारला की मुलांना उलटतपासणी वाटते. तसं नसतं.

आता तुमची खरी शंका. आम्हाला तुमचा विषय येत नाही. कबूल. जलधर हा शब्द मी तुमच्यामुळे आज पुन्हा वाचला. आम्हाला कळतं ते दुसरंच: तुमच्या विषयावर लिहिणारी माणसं कुठे कुठे पांगली आहेत आणि प्रत्येक घोळका त्याच गोष्टीला काय काय नावं ठेवतो. मेल्विल ड्यूईने १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण काढलं ते ज्ञानशाखांनुसार, वस्तूंनुसार नाही. त्यामुळे पाणी हे एका जागी मिळतच नाही. जमिनीखालचं पाणी म्हणून ५५१.४९, भूविज्ञानात. माणसांना पुरवायचं पाणी म्हणून ६२८.१, अभियांत्रिकीत. नैसर्गिक संपत्ती म्हणून ३३३.९१, अर्थशास्त्रात. सार्वजनिक सोय म्हणून ३६३.६१. आणि हक्कांचं भांडण सुरू झालं की ३४६, कायद्यात. आमच्या इमारतीत हे तीन मजले होतात. तुमच्यासारखा विषय घेऊन आलेल्या माणसाला मी एकदा तरी चालायला लावतो, बोधांक लिहिलेली चिठ्ठी हातात देऊन. मजल्यामजल्यावर त्याच विषयाची पुस्तकं बघून माणसाचा चेहरा बदलतो. नेटवरही हीच पांगापांग असते, फक्त तिथे जिने नसल्यामुळे ती जाणवत नाही. तुम्ही एका घोळक्याची भाषा पेटीत टाकता, तोच घोळका परत परत भेटतो, आणि पाचव्या पानावर वाटतं की संपलं.

नावांची गंमत तर विचारूच नका. विषयशीर्षकांच्या जुन्या इंग्रजी यादीत भूजलाला 'वॉटर, अंडरग्राउंड' असं उलटं नाव होतं. पुढे बदललं. पण जुन्या तालिकांमध्ये (म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकनोंदींमध्ये), जुन्या सूचींमध्ये ते तसंच पडून आहे.

जाताना काय न्यायचं ते सांगतो. तुमच्या २२ मधले दोन लेख, जे वाचताना "अरे, मला हेच म्हणायचं होतं" असं झालं. शोधात आलेला पण तुमच्या काहीही कामाचा नसलेला एक लेख. (हा सर्वात महत्त्वाचा. शोध कुठे घसरतोय ते त्याच्यावरून दिसतं.) आणि पेटीत टाकलेले शब्द, जसेच्या तसे, स्पेलिंगच्या चुकांसकट. विषयाचं शीर्षक नसलं तरी चालेल. शीर्षकावरून आम्हाला फारसं कळत नाही, आणि बहुतेकदा ते पुढे बदलतंच.

झटपट_राव, तुमच्या ५० संदर्भांबद्दल. मध्यंतरी एकजण १४ लेखांची यादी घेऊन आला, म्हणाला आंतरग्रंथालयीन मधून मागवून द्या, आपल्याकडे दिसत नाहीत. पाच लेख मलाही दिसेनात. नियतकालिक खरं, खंड खरा, अंक खरा. त्या पानांवर लेख मात्र भलत्याच माणसाचा, भलत्याच विषयावर. एका नोंदीतल्या लेखिका खऱ्या, त्याच क्षेत्रातल्या, पण त्यांच्या यादीत असा लेखच नाही. सव्वा तास मी जन्मालाच न आलेल्या लेखांच्या मागे होतो. मग विचारलं, ही यादी कुठून आणलीस? तर तुमच्याच दुकानातून. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) दिलेला असेल तर तो उघडून बघा. दुसराच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही तर काय ते समजा. समानार्थी शब्द सुचवून घ्यायला मी स्वतः एआय वापरतो, चांगलं चालतं. लेख आहे की नाही हे मात्र त्याला विचारायचं नाही, ते तालिकेला विचारायचं.

खऱ्या लेखांचंही एक दुखणं असतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्रित लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध जोडणारा तो कुप्रसिद्ध निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला १९९८ ला, नियतकालिकाने तो मागे घेतला २०१० मध्ये. मधली बारा वर्षं तो छापलेला, साठवलेला, उद्धृत केलेला. लेख मागे घेतला गेला हे तुमच्या लॅपटॉपवरच्या पीडीएफला कळत नाही. झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरलंत तर ते लाल पट्टी दाखवतं. फुकट आहे, २००६ पासून आहे. आम्ही सत्राच्या सुरुवातीला त्याची दोन तासांची कार्यशाळा घेतो आणि तिला सात जण येतात.

पाचवा_मसुदा, "कॉम्प्युटरवर बघा" म्हणणारे आमच्यात आहेत, नाकारत नाही. एक सांगतो, देवघेवीचा काउंटर आणि संदर्भ टेबल ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुम्ही बहुधा पहिल्यापाशी दुसऱ्याचा प्रश्न विचारलात. पण हा फरक वाचकाला माहीत असावा अशी अपेक्षाच चुकीची. आणि 'उपलब्ध' असून कपाटात नाही म्हटल्यावर उठून शोधणं हे काउंटरचंच काम होतं. दहातल्या आठ वेळा पुस्तक शेजारच्या कप्प्यात नाहीतर परत आलेल्यांच्या ढकलगाडीवर असतं.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. (गृहस्थ मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की परत शिकवायला जाऊ द्या म्हणत होते. अवांतर झालं.) वेळ वाचवायला तो शिल्लक तर हवा. मुलं आमच्याकडे येतात ती प्रबंध जमा करायच्या आठवड्यात, साम्य अहवाल (आपला मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणारा) हातात घेऊन, "हे ३१ टक्के खाली आणून द्या." तेव्हा आम्ही फक्त संदर्भसूचीतले स्वल्पविराम दाखवू शकतो. तुम्ही पहिल्या वर्षाला आहात. सरांनी योग्य वेळी पाठवलंय.

आणि हो, काय शोधलं ते लिहून ठेवा. तारीख, कुठला डेटाबेस, कुठले शब्द, काय मिळालं. मौखिक परीक्षेत "अमुक शोधलं होतंत का?" असं कुणी विचारलं की ती वही उपयोगी पडते.

ऐकून_वाचणारी

वरच्या सगळ्यांनी डोळसांसाठी सांगितलं, माझी थोडी भर. मला दिसत नाही, स्क्रीनरीडरवर ऐकून वाचते. एम.ए. पूर्ण, आता संशोधन.

माझ्यासाठी स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे कोरं पान. तुम्हाला अक्षरं दिसतात, माझं सॉफ्टवेअर तिथे फोटो बघतं आणि गप्प बसतं. पहिल्या सत्रात वाचनयादीतली निम्मी प्रकरणं अशी गप्प होती. वर्गातली मैत्रीण वाचून दाखवायची, पण तिलाही तिचा अभ्यास होता. शेवटी ग्रंथालयात विचारलं तर त्यांच्याकडे अशा प्रती अक्षर-ओळख करून देण्याची सोय निघाली. पहिली प्रत आली ती ऐकून मी हसतच सुटले. पान दोन रकान्यांचं होतं आणि यंत्राने ओळ सरळ आडवी वाचली होती, डावीकडचं अर्धं वाक्य, लगेच उजवीकडचं अर्धं. मराठी पुस्तकात 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म': "भाषा" जिथे तिथे "माषा". मी परत गेले. मग तिथल्या एका सहायक मुलीने संध्याकाळच्या पाळीत बसून रकाने सुटे केले, तक्त्यांना ओळीवार शीर्षकं दिली आणि प्रत्येक आकृतीखाली दोन वाक्यांत लिहिलं की आकृतीत काय आहे. आकृतीत काय असतं हे मला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, "तिथे एक ग्राफ आहे."

हे कुणाचे उपकार नाहीत. दृष्टिबाधितांसाठी प्रकाशकाच्या परवानगीशिवाय वाचण्याजोगी प्रत करता यावी म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला आणि २०१६ पासून तो लागू आहे. पण एका प्रकरणाला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून मी सत्र सुरू व्हायच्या आधीच प्राध्यापकांकडून वाचनयादी मागून ग्रंथालयात देते. कोरी_वही, तुम्हाला माझा अनुभव थेट उपयोगाचा नाही, पण "हे करून मिळतं का?" असं विचारल्याशिवाय ते करून मिळतं हे कळत नाही, एवढं खरं.

झटपट_राव

नसलेल्या लेखांचं मान्य. आत्ताच माझ्या जुन्या यादीतले तीन डीओआय उघडून बघितले आणि खिडकी बंद केली. झोपेबद्दलचं विधान कायम.

कोरी_वही

सगळ्यांचे आभार. आणि हो, गेले! सविस्तर लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

संदर्भ_टेबल सरांनी सांगितलेलं सगळं घेऊन गेले, निरुपयोगी लेखासकट. मॅडम खरंच कामात होत्या. मी दोन मिनिटं उभी राहिले, मग त्यांनीच खुर्चीकडे हात केला. पहिला प्रश्न: "शोधायला काय टाकलं होतंस?" म्हटलं, 'ग्राउंडवॉटर गव्हर्नन्स'. "आणि?" आणि काही नाही. तेवढंच. त्यांनी एक पाठकोरा कागद घेतला आणि तीन उभे रकाने आखले. पहिल्यात पाणी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात माणसं. म्हणाल्या, भर.

पहिल्या रकान्यात मी 'ग्राउंडवॉटर' लिहिलं, त्याखाली 'ॲक्विफर'. त्यांनी मध्ये घुसवलं 'ग्राउंड वॉटर', तोडून. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. "जुन्या लोकांनी तोडून लिहिलंय. जोडून शोधलंस तर सगळीकडे सापडेलच असं नाही." दुसऱ्या रकान्यात मी 'गव्हर्नन्स', 'रेग्युलेशन' यावर थांबले होते. निरुपयोगी लेख त्यांनी इथे वापरला: तो सरकारी परवान्यांबद्दल होता, म्हणजे 'रेग्युलेशन' मला शासनाकडे ओढून नेत होतं आणि मला हवे होते लोकांनी स्वतः केलेले नियम. मग तिथे आलं 'इन्स्टिट्यूशन्स', 'सेल्फ-ऑर्गनायझेशन', 'कलेक्टिव्ह ॲक्शन'. तिसऱ्यात 'युझर्स', 'फार्मर्स', 'कम्युनिटी', आणि एक शब्द जो मी वाचला होता पण शोधात कधी वापरला नव्हता: 'कॉमन-पूल रिसोर्स', म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचं सामायिक साधन. मग त्यांनी नियम सांगितला, उभ्यात 'किंवा', आडव्यात 'आणि'. एका रकान्यातला कुठलाही एक शब्द चालेल, पण तिन्ही रकान्यांतला एकेक हवाच. 'इरिगेट', 'इरिगेशन', 'इरिगेटर' असं लिहीत बसायचं नाही, धड ठेवून शेपटीला चांदणी लावायची. सहा वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, त्या कार्यशाळेला मी गेले नसेन. (गेले नव्हतेच.)

आता मुद्द्याचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम माझ्या यादीत होत्याच, १९९० चं 'गव्हर्निंग द कॉमन्स' कुणाच्या यादीत नसतं? पण प्रबंधांच्या डेटाबेसमध्ये 'ग्राउंड वॉटर' तोडून टाकलं आणि समोर आला त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंध. १९६५, कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस. विषय काय? भूजल! समुद्राकाठचा जलधर, अति उपशामुळे खारं पाणी आत शिरायला लागलेलं, आणि उपसा करणाऱ्यांनीच संघटना, कोर्ट, वाटाघाटी असं करत करत काढलेला मार्ग. शीर्षकात 'ग्राउंड वॉटर' दोन शब्द. म्हणजे हार्डिनचा सामायिक साधनांच्या शोकांतिकेचा तो गाजलेला लेख १९६८ ला यायच्या तीन वर्षं आधी ही बाई नेमकं माझ्या विषयावर प्रबंध लिहून मोकळी झाली होती, २००९ च्या नोबेलच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. आणि मी तिचं पुस्तक उद्धृत करून पुढे निघाले होते. मी खुर्चीतच "अगं बाई" म्हटलं. तेव्हा मॅडम हसल्या.

पुढचा अर्धा तास एकच उद्योग. संदर्भसूचीतून मागे जायचं, 'कुणी उद्धृत केलं' यातून पुढे यायचं. आता ५७ झालेत, त्यातले वाचून किती राहतील कोण जाणे. एका जुन्या अहवालाची मागणी टाकलीय, अजून पत्ता नाही. कायद्याच्या ३४६ मधली पुस्तकं मात्र माझ्या आवाक्याबाहेरची वाटली, दोन उचलली होती, एक परत ठेवली.

सरांना परत दाखवायचं पुढच्या सोमवारी आहे. तोवर एक बारीक शंका: उतरवलेल्या पीडीएफ आत्ता 'डाउनलोड (७)', 'डाउनलोड (८)' अशा पडल्यात. झोटेरो आत्ताच लावू की सगळं वाचून झाल्यावर?

पाचवा_मसुदा

आत्ता. आज. मी वाचून झाल्यावर लावायचं म्हटलं होतं, ३४० नोंदी हाताने भरल्या. १९६५ च्या प्रबंधाबद्दल अभिनंदन आणि थोडी असूयाही.

संदर्भ_टेबल

'अगं बाई' ऐकायला मिळतं म्हणून चोवीस वर्षं त्या खुर्चीत बसलोय. त्या मॅडमना मी ओळखत नाही, पण तोडून लिहायचं सुचलं म्हणजे हाडाच्या आहेत.

'कुणी उद्धृत केलं' यातून पुढे येण्याचं तुम्ही सहज लिहिलंत. ती सोय नवी नाही. युजीन गारफिल्ड यांची विज्ञानातली उद्धरणसूची १९६४ मध्ये निघाली तेव्हा ती छापील खंडांत होती, बारीक टायपात. आमच्या तळघरात काही खंड आहेत. उगाच एकदा उघडून बघा, आज एका टिचकीत होतं ते बोट फिरवत करायला किती वेळ लागत असेल ते कळतं.

झोटेरो आजच. आणि तो तीन रकान्यांचा कागद सांभाळून ठेवलात ना? त्यावर तारीख आणि डेटाबेसचं नाव टाकलंत का?

कोरी_वही

कागद वहीत चिकटवलाय. तारीख नाही टाकली. गुरुवार होता एवढं आठवतंय, बघून टाकते.